कालचं मशीन, आजचं मशीन

पोकलेनची सकाळची तपासणी आदल्या संध्याकाळी सुरू होते. मशीन उतारावर उभं राहिलं तर सकाळी डिपस्टिकवरचं तेल खोटं बोलतं. बूम (मशीनचा मोठा हात) अधांतरी राहिला तर हायड्रॉलिक टाकीच्या काचेतली पातळी खोटी. आणि चेनमध्ये गाळ तसाच वाळून बसला, तर चेनच्या रोलरला तेलाचा पाझर फुटलाय की नुसती ओल आहे, हे देवालाही सांगता येत नाही. म्हणून शेवटचा हायवा डंपर भरून गेला की आमचे ऑपरेटर मामा मशीन तलावाच्या पात्रातून वर, सपाट मुरमावर आणायचे. बूम आडवा फिरवून बकेट जमिनीवर दाबायचे, एका बाजूची चेन उचलली गेली की ती हवेत फिरवून गाळ झाडायचे, मग दुसऱ्या बाजूची. त्यानंतर आर्म (बूमच्या पुढचा हात) पूर्ण लांब, बकेट आत मुडपलेली, बूम खाली टेकलेला, अशी बैठक द्यायची. आमच्या मशीनच्या पुस्तकात हायड्रॉलिक तेल बघायची हीच बैठक दिली आहे. दुसऱ्या कंपनीच्या मशीनची वेगळी असू शकते, त्यामुळे आपापलं पुस्तक बघावं. शेवटी इंजिन चार-पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे बिनभाराचं मंद चालू ठेवून मगच चावी बंद. तापलेल्या टर्बोला (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला) तेवढा वेळ तेल फिरतं राहावं लागतं.

मी आणि माझ्या चुलतभावाने वीस टनी जुनं मशीन हप्त्यावर घेतलं ते जालना जिल्ह्यात गाळ काढायच्या कामासाठी. इकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२च्या दुष्काळी कामांतले. त्यांच्या पोटात इतक्या वर्षांचा गाळ साठलाय, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यापासून उन्हाळ्यात पोकलेनला बऱ्यापैकी काम असतं. भावाने बिलं, ग्रामपंचायत आणि जलसंधारणवाल्यांच्या चकरा स्वतःकडे घेतल्या आणि मला मशीनपाशी बसवलं. २०२३च्या शासन निर्णयात यंत्र आणि इंधनापोटी घनमीटरला ३१ रुपये दर आहे. या दरात मशीन अर्धा दिवस उभं राहिलं तर तो दिवस हप्त्याच्या हिशोबातून गेलाच. शिवाय कामाचा मोसम एप्रिल ते जूनचा पहिला पाऊस, एवढाच. पाणी आलं की तलाव बंद.

सकाळी मी पहिली गोष्ट बघायचो ती मशीनच्या खाली कोणी झोपलंय का. हसू नका. गाळाच्या कामावर रात्रपाळीचे टिप्परवाले असतात, शेतातून आलेले गडी असतात, कुत्री असतात. पहाटेच्या गारव्याला मुरमावर, चेनच्या आडोशाला गोधडी टाकून झोपलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. कॅबिनमधून तो दिसत नाही. म्हणून चावी ऑपरेटरच्या खिशातून काढायच्या आधी मशीनभोवती एक पूर्ण फेरी, वाकून. तरीही सुरू करण्याआधी दोनदा हॉर्न.

त्या फेरीतच जमिनीवरचे डाग दिसतात. इंजिनचं तेल काळं पडतं, हायड्रॉलिकचं मधासारखं पिवळट, कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी ओघळ. पण आमच्या भागात मे महिन्यात डाग पडेपर्यंत वाट बघायची गरज नसते. धूळ आधीच चहाडी करते. सगळ्या मशीनवर करड्या धुळीचा सारखा थर असतो. जिथे तेल किंचित जरी झिरपलं तिथे हा थर ओला होऊन काळपट पडतो आणि पापडीसारखा चिकटतो. होजच्या (तेलाच्या रबरी नळीच्या) टोकाशी, सिलिंडरच्या रॉडवर, मशीन गोल फिरवणाऱ्या स्विंग मोटरच्या बुडाशी असा पट्टा दिसला की समजायचं. मशीन रोज धुऊन चकचकीत ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटायचं, आता वाटत नाही. आठवड्याला एकदा धुवावं आणि मधले दिवस धूळ वाचावी.

मामांचा एकच प्रश्न असायचा, “काल होतं का हे?”

आधी मला तो प्रश्न चुकवाचुकवीचा वाटला. ओल आहे की नाही ते सांगा ना. पण पंधरा-सोळा हजार तास चाललेल्या मशीनवर कुठे ना कुठे ओल असतेच. बूम सिलिंडरच्या एका सीलला (तेल अडवणाऱ्या कड्याला) आमच्याकडे कायमचा घाम होता. रॉडवर तेलाचा पातळ थर यायचा, पण थेंब कधी पडला नाही. मामा त्याकडे बघायचे, बोटाने पुसायचे आणि पुढे जायचे. उलट एखाद्या कोरड्या जागी नवी, टिकलीएवढी ओल दिसली की तिथेच उकिडवे बसायचे.

इंजिनचं तेल सुरू करण्याआधी, थंड मशीनवर. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची, मग वाचायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक पातळी उतरली की घाबरतात. मामा पातळी चढली तर जास्त घाबरायचे. कोणी ओतलं नसताना तेल वाढलं, म्हणजे त्यात डिझेल नाहीतर पाणी शिरलंय. वास डिझेलचा आला किंवा रंग ताकासारखा झाला तर मशीन सुरूच करायचं नाही, थेट मेकॅनिकला फोन. कूलंट बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत बघायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण हात भाजलेले लोक दर उन्हाळ्यात भेटतात.

डिझेलबद्दल मात्र माझं मत पुस्तकापेक्षा जरा वेगळं आहे. रात्री टाकी भरून ठेवा, नाहीतर रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं, असं सगळीकडे सांगतात. कोकणात किंवा हिवाळ्यात ते अगदी खरं. जालन्याच्या मे महिन्यात हवाच इतकी कोरडी की तसं पाणी नावापुरतं जमत असेल. आमच्याकडे पाणी आणि कचरा यायचा तो बॅरलमधून. पंपावरून बॅरल, बॅरलमधून हातपंपाने टाकीत. पंपाचा पाइप बॅरलच्या तळाला टेकवला की तळातला सगळा मळ टाकीत गेलाच. आम्ही पाइपला खालून वीतभर उंचीवर खूण केली आणि तळाचं डिझेल वेगळं काढून ठेवू लागलो. रोज सकाळी वॉटर सेपरेटरची खालची चकती ढिली करून थोडं डिझेल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घ्यायचो. बाटली उन्हात धरली की खाली पाण्याचा थर वेगळा दिसतो. दोन मिनिटांचं काम, आणि त्यावर इंजेक्टरचा मोठा खर्च वाचतो.

एअर फिल्टरवरून माझं आणि हेल्परचं रोज वाजायचं. त्याला फिल्टर काढून चेनच्या शूवर (लोखंडी पट्टीवर) आपटायची सवय. धूळ उडते, छान वाटतं, आणि कागदाच्या घड्या चेपतात, कडेचं रबर वाकडं होतं. मग धूळ बाजूने सरळ इंजिनात. खरं म्हणजे बाहेरचा फिल्टर रोज उघडायचीच गरज नसते. खाली रबराची चोच असते, ती सकाळी चिमटीत दाबली की साठलेली धूळ भुरकन बाहेर पडते. मॉनिटरवर फिल्टर चोंदल्याचा दिवा लागला तर उघडायचा, कमी दाबाची हवा आतून बाहेर मारायची. आतला दुसरा फिल्टर साफ करायचाच नाही, तो फक्त बदलायचा. एवढं समजवायला बराच काळ गेला. शेवटी फिल्टरच्या घराची पकड उघडायचा हक्क मी मामांकडेच ठेवला.

रेडिएटरचं काम मात्र रोजचं, आणि दुपारचंही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात आधीच गरम हवा आत जाते. त्यात जाळीवर धूळ, वाळकी पानं, बाभळीच्या शेंगांचा चुरा आणि वाऱ्याने आलेले कापसाचे पुंजके चिकटतात. हायड्रॉलिकचा ऑइल कूलर तिथेच बाजूला असतो, त्यामुळे चोंदलं की पाणीही तापतं आणि तेलही. दुपारी बूम उचलायला मशीन आळसावलं, तर कित्येक ऑपरेटर पंपाला दोष देतात. आधी जाळी बघावी. हवा मारायची ती पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने, पाइप जरा लांब धरून. जवळून मारली की पातळ पत्रे वाकतात आणि ती वाट कायमची बंद.

तेलाच्या गळतीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. मशीन चालू असताना होजवर हात फिरवून गळती शोधायची नाही. वीस टनी मशीनमध्ये हायड्रॉलिकचा दाब चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीतून आत जाते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते. ती तशी नसते, तासाभरात दवाखाना गाठावा लागतो, आणि डॉक्टरांना ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं लागतं. आमच्या कॅबिनमागे पुठ्ठ्याचा एक तुकडा कायम असायचा. शंका आली तर पुठ्ठा फिरवायचा.

ग्रीसचं काम कोणालाच आवडत नाही. बकेटच्या बाजूच्या पिना रोज, वरच्या बूम-आर्मच्या पिना पुस्तकात दिलेल्या तासांना, असा साधारण नियम. पण बकेट दिवसभर चिखलपाण्यात बुडत असेल तर पुस्तक बाजूला ठेवावं. आम्ही सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर असं दोनदा ग्रीस मारायचो. निपल (ग्रीस भरायची बारीक तोटी) आधी फडक्याने पुसायचा, कारण तोंडावर बसलेली रेती ग्रीसबरोबर आपणच आत ढकलतो. मग जुनं, काळं ग्रीस पिनच्या कडेने बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारायचा. हेल्पर तीन ठोके मारून “झालं” म्हणतो. कडेला काही बाहेर आलं नसेल तर झालेलं नसतं. एखाद्या निपलमधून ग्रीस जातच नसेल तर तो चोंदलेला असतो, काढून नवा लावायचा. चार आण्याची वस्तू म्हणायची, पण तिच्यापायी पिन कोरडी चालली तर बुश (पिनभोवतीची नळी) जातं, मग भोक लांबट होतं, मग ते पुन्हा गोल करायला बोरिंगवाल्याला साइटवर बोलवावं लागतं. त्याचं बिल भावाने एकदा दुसऱ्याच्या मशीनचं बघितलं होतं, तेव्हापासून ग्रीसच्या बादलीवर तो फारसा बोलत नाही.

आता मुख्य, म्हणजे पायाकडचा भाग. जुन्या मशीनमध्ये सर्वात महाग हाच. चेन, शू, खालचे रोलर, वरचे रोलर, चेन वळवणारं पुढचं चाक म्हणजे आयडलर, चेन ओढणारं मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. शूचे बोल्ट ढिले झाले की भोवती गंजाची तांबूस रेघ येते, ती सकाळच्या तिरप्या उन्हात छान दिसते. रोलर मात्र सकाळी कळत नाहीत. ते संध्याकाळी, मशीन थांबल्या थांबल्या, हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघायचे. सगळे कोमट आणि एकच चटका देणारा, तर त्याचं तेल गेलंय.

चेनचा ताण आम्ही आठवड्याला मापायचो. एक बाजू उचलून, खाली ठोकळे लावून, चेन मागेपुढे फिरवून घ्यायची आणि मधल्या रोलरपाशी फ्रेमच्या बुडापासून लोंबणाऱ्या शूपर्यंत टेप लावायचा. आमच्या पुस्तकात ३०० ते ३३५ मिलिमीटर आहे. गाळात मात्र चेन थोडी ढिलीच बरी. स्प्रॉकेटच्या दातांत गाळ ठासून बसला की चेन आपोआप ताणली जाते, आणि आधीच कसलेली असेल तर सगळा भार बुश आणि सीलवर येतो. चेनचा ताण आतल्या ग्रीसच्या दाबावर असतो. तो कमी करायला ग्रीसचा व्हॉल्व्ह एक-दीड वेढाच सोडायचा, आणि चेहरा समोर आणायचा नाही. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं.

गाळाच्या कामात आणखी एक प्रकार असतो, जो कुठल्याच पुस्तकात मला सापडला नाही. तलावाचा गाळ म्हणजे नुसती माती नसते. त्यात फाटक्या साड्या, खताच्या गोण्या, बाइंडिंग तार, आणि मासेमारीची नायलॉनची जाळी निघतात. ही जाळी चेनबरोबर फिरत फिरत स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला, फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारी गिअरपेटी) आणि फ्रेमच्या मधल्या फटीत जाऊन गुंडाळली जातात.

एका सकाळी डाव्या स्प्रॉकेटच्या आत मामांना बोटभर काळपट ओल दिसली. काल ती जागा कोरडी होती, हे आम्हा दोघांनाही नक्की माहीत होतं. मामांनी बोट लावून वास घेतला आणि माझ्यापुढे धरलं. हायड्रॉलिक तेलाला असा वास येत नाही. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, नाकात बसला की विसरत नाही. म्हणजे फायनल ड्राइव्हचं सील.

तोवर वर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. शेतकऱ्यांना गाळ हवा असतो तो आत्ता, रान मोकळं आहे तोवर. एक म्हातारबाबा चाकावर बसून म्हणाले, “काय देवपूजा चाललीय का मशीनची?”

मामा म्हणाले, “पूजाच आहे बाबा. आज नैवेद्य उशिरा.”

बॅटरीच्या उजेडात फटीत बघितलं तर हिरवट नायलॉन, इतकं घट्ट आवळलेलं की दोरखंड वाटावं. उष्णतेने काही ठिकाणी वितळून त्याचं प्लॅस्टिकचं कडं झालं होतं. हेल्परने आरीचं पातं फडक्यात धरून ते थोडं थोडं कापलं, मी लोखंडी आकड्याने ओढून काढत होतो, मामा अधूनमधून चेन वीतभर फिरवायचे आणि खाली उतरून पुन्हा बघायचे. चेन हलवताना आम्ही दोघं बाजूला, त्यांच्या नजरेसमोर, हात वर. यात सकाळ गेली. जाळं निघाल्यावर स्प्रॉकेट फिरवून लेव्हलचा प्लग बरोबर जागेवर आणला, हळू ढिला करून आतला दाब जाऊ दिला आणि उघडला. तेल भोकाच्या जरा खाली उतरलं होतं. खालच्या प्लगमधून थोडं काढून तळहातावर चोळलं. रंग काळा, पण खरखर नाही. गाळ आत गेला नव्हता. नवं तेल भरलं, वरून पुसून कोरडं केलं, आणि पुढचे काही दिवस दर दोन-तीन तासांनी तिथे नजर. ओल परत आली नाही. जाळ्याच्या दाबाने सील सरकलं असावं आणि दाब गेल्यावर बसलं असावं, असं मामांचं म्हणणं. सील फाटलं असतं तर चेन तोडा, स्प्रॉकेट काढा, ट्रॅव्हल मोटर उतरवा, क्रेन बोलवा, हे सगळं त्या उघड्या पात्रात.

तेव्हापासून संध्याकाळी चेन झाडताना दोन्ही स्प्रॉकेटच्या फटीत आकडा फिरवून बघणं सुरू झालं. जवळजवळ रोज काही ना काही निघायचं, बहुतेक साडीच्या चिंध्या.

बकेटचे दात मोजणं हा त्यामानाने क्षणाचा खेळ, पण तोही टाळायचा नाही. दाताची लॉक पिन निसटली की दात गाळाबरोबर ट्रॉलीत जातो, ट्रॉलीतून शेतात, आणि पेरणीआधी रोटाव्हेटरला लागतो. मग शेतकरी तुटलेली पाती घेऊन आपल्या दारात. दात पडल्यावर बकेटचा अडॅप्टर (दात बसतो तो खुंट) झिजतो तो खर्च वेगळा.

सुरू केल्यावर लगेच कामाला जुंपायचं नाही. मॉनिटरचे सगळे दिवे एकदा पेटून विझतात का, ऑइल प्रेशरचा दिवा गेला का, ते बघायचं. पाच मिनिटं आयडल. मग लॉक लिव्हर उचललेला असताना जॉयस्टिक हलवून बघायची, काहीच हललं नाही पाहिजे. तो खाली केल्यावर बूम, आर्म, बकेट सावकाश पूर्ण आत-बाहेर, दोन्हीकडे स्विंग, दोन्ही चेन पुढे-मागे. मामा या वेळी दरवाजा उघडा ठेवायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत, मोबाइल वाजला तरी.

तलावाच्या कामावर ठेकेदाराकडून एक छापील तक्ता मिळायचा. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’ असे दोन चौकोन. मी आजूबाजूच्या मशीनवर बघितलं तर काही तक्ते सोमवारीच शनिवारपर्यंत भरलेले असायचे. मला त्या लोकांचा राग येत नाही. दोन चौकोनांत लिहिण्यासारखं काही नसतंच. बूम सिलिंडरचा घाम ‘ठीक’ आहे की ‘ठीक नाही’? मी तक्ता भरून द्यायचो आणि वेगळ्या वहीत आकडे लिहायचो. तास मीटर, इंजिन तेल वरच्या खुणेपासून किती खाली, बाटलीत पाणी दिसलं का, कुठली ओल नवी, कुठली जुनी. इंजिन तेल दोन दिवसांत उतरतंय की आठ दिवसांत, हे त्या वहीशिवाय कळलं नसतं. नव्या मशीनला मोबाइलवर सगळं दिसतं म्हणतात, तास, डिझेल, तापमान, मशीन कुठे उभं आहे तेही. मालक पुण्यात बसून बघतो. चांगलंच आहे, डिझेलचोरीला आळा बसतो. पण स्प्रॉकेटमागचं जाळं त्या मोबाइलवर दिसत नाही.

वेळेचं म्हणाल तर हे सगळं पाऊण तासात उरकतं, सवय झाल्यावर त्याहून कमी. एवढ्या वेळात सहा-सात हायवा भरल्या असत्या, हा हिशोब भावाने मला मांडून दाखवलाय. मी त्याला वही दाखवली. आमचा वाद अजून मिटलेला नाही, फक्त त्याने पहाटे लवकर साइटवर यायला परवानगी दिली आहे.

जूनमध्ये तलावात पाणी आलं आणि मशीन बाहेर काढलं. आता खडीच्या खदानीवर ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून काम आहे, आणि तिथली तपासणी वेगळी. काळ्या पाषाणात छिन्नीला दर दोन तासांनी ग्रीस लागतं, तेही ब्रेकर उभा धरून, छिन्नी जमिनीवर दाबून आत गेलेली असतानाच. नाहीतर ग्रीस पिस्टनखाली साठतं आणि पहिल्याच ठोक्याला सील जातात. लांब बोल्ट रोज ठोकून बघायचे, आणि ब्रेकरमुळे हायड्रॉलिक तेल व फिल्टर लवकर खराब होतात, म्हणून त्यांचे तास कमी धरायचे. मामांनी ब्रेकरच्या होजचे दोन क्लॅम्प बाजूला काढून ठेवलेत. धक्क्याने त्यांचं रबर गेलंय आणि होज पत्र्याला घासतोय. जालन्याहून नवे आणल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असं त्यांनी भावाला परस्पर कळवलं आहे.